सुखोई-३० एमकेआयचे १/७२ मॉडेल खऱ्या विमानासारखे दिसावे यासाठी जोडणी आणि रंगकाम कसे करावे?

आपण विचारले आहे की, प्लॅस्टिकच्या किटमधून भारतीय हवाई दलाचे सुखोई-३० एमकेआय (सुखोई-३० या लढाऊ विमानाचा भारतासाठीचा प्रकार) पहिल्यांदाच करायला घेतले आहे, तर ते खेळण्यासारखे न दिसता खरे वाटावे यासाठी काय करावे. मी अनेक वर्षे हा छंद करतो आहे आणि माझे मत ठाम आहे: विमानाचा आकार ७२ पटींनी लहान झाला आहे, तेव्हा रंगाच्या थराची जाडी, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, चकाकी आणि मळ हे सगळेही तितकेच लहान झाले पाहिजे. खरे सुखोई सुमारे २१.९ मीटर लांब असून त्याचा पंखविस्तार १४.७ मीटर आहे. आपल्या टेबलावर ते जेमतेम ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद होईल. किटमधील पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याची कोरलेली रेषा, ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर खऱ्या विमानावर ती १४ मिलिमीटरहून रुंद फट ठरेल. अशी फट असलेले लढाऊ विमान कोणी उडवणार नाही, आणि तरीही बहुतेक नवशिके त्याच रेषेत काळा रंग भरून ती अधिकच ठळक करतात.

प्रथम किटविषयी. खोक्यावर केवळ ‘सुखोई-३०’ असे लिहिलेले असणे पुरेसे नाही. चीनसाठी तयार झालेल्या एमकेके या प्रकाराला कॉकपिटच्या बाजूचे छोटे पुढचे पंख, म्हणजे कॅनार्ड, नसतात, त्याची इंजिनांची नळकांडी वळत नाहीत आणि शेपटीचे उभे पंखही वेगळे असतात. त्या किटमधून आपले विमान करायचे म्हणजे अर्धे किट नव्याने घडवावे लागेल. रशियाचे सुखोई-३० एसएम मात्र आपल्या एमकेआयवरूनच विकसित झालेले असल्यामुळे झ्वेझ्दा कंपनीचे त्या विमानाचे १/७२ किट हा चांगला आधार आहे. त्यात भारतीय खुणा मिळाल्या नाहीत, तर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, वेगळे मागवावे लागतील.

पहिले प्लॅस्टिक कापण्याआधी एक विशिष्ट विमान निवडा आणि त्याचे जितके मिळतील तितके फोटो जमवा. एमकेआयचे क्रमांक ‘एसबी’ या अक्षरांनी सुरू होतात. असा एक क्रमांक निवडून त्याच विमानाचा, शक्यतो त्याच वर्षातला, फोटो समोर ठेवावा. महाराष्ट्रातल्या वाचकांना यात विशेष जवळीक वाटेल, कारण एमकेआय हवाई दलात दाखल झाले ते २७ सप्टेंबर २००२ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर, आणि त्याचे परवान्याखालील उत्पादन झाले ते नाशिकजवळच्या ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांनी हे विमान डोक्यावरून जाताना कितीदा तरी पाहिलेले असते, आणि ही डोळ्यांना असलेली ओळख रंगाची छटा ठरवताना फार उपयोगी पडते.

जोडणीत सर्वांत जास्त वेळ हवेच्या दोन बोगद्यांना, म्हणजे इनटेकना, द्यावा. त्यांचे दोन अर्धे भाग जोडल्यावर आतल्या बाजूला सांधा दिसतो, आणि पुढून पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. प्लॅस्टिक विरघळवून जोडणारे पातळ सिमेंट वापरावे, सांधा दाबून विरघळलेले प्लॅस्टिक किंचित बाहेर येऊ द्यावे, सांधा एक-दोन दिवस वाळू द्यावा आणि मग ४००, ६०० व १००० क्रमांकांचे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून क्रमाने घासावा. पुट्टी त्यानंतर, उरलेल्या खड्ड्यांपुरतीच लावावी. दुसरी जागा कॉकपिटच्या पारदर्शक छताची. सुखोईच्या छताचा घुमट खालच्या कडेला आत वळतो, आणि असा आकार साच्यातून काढण्यासाठी अनेक किटमध्ये छतावर मधोमध बारीक रेघ राहते. ती अत्यंत बारीक पेपरने घासून, पॉलिश करून नाहीशी करणे शक्य आहे, फक्त घाई करता कामा नये. नाकाचा भाग चिकटवण्यापूर्वी सगळे सुटे भाग टेपने तात्पुरते जोडून विमान चाकांवर उभे राहते का, ते तपासावे. शेपटीवर बसत असेल, तर नाकात वजन भरावे.

आता रंगकाम. करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, फवारल्यावर सांध्यांतले उरलेले दोष दिसतात; ते आत्ताच दुरुस्त करावेत, कारण पुढे ती संधी मिळत नाही. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे साधन, ०.३ मिलिमीटर नोझलचा आणि हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (दाबाचे एकक) असला की काम भागते. रंग दुधाइतका पातळ करावा आणि एका थरात झाकण्याचा मोह टाळून तीन-चार विरळ थर द्यावेत. लॅकर, म्हणजे उग्र वासाच्या थिनरमध्ये मिसळलेला रंग, फवारताना खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ अडवणारा मास्क असलाच पाहिजे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, लॅकर वाळताना हवेतली आर्द्रता त्यावर साकळून पृष्ठभाग पांढुरका पडतो. त्या दिवसांत हळू वाळणारा थिनर घ्यावा किंवा फवारणी कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावी.

भारतीय सुखोई आज बहुतांशी करड्या रंगाचे दिसते, आणि हा साधेपणाच कठीण आहे. एकच करडा रंग सपाट फवारला, तर विमान प्लॅस्टिकचा तुकडा वाटते. मी त्याच करड्याच्या तीन जवळजवळच्या छटा करतो: मूळ रंग, त्यात थोडा पांढरा मिसळलेला आणि थोडा गडद केलेला. उन्हात सतत तापणारी पाठ आणि पंखांचा मधला भाग किंचित फिकट, तर सतत हाताळले जाणारे झाकणांचे भाग किंचित मळकट ठेवावेत. फरक इतका सूक्ष्म हवा की हातभर अंतरावरून तो वेगळा ओळखू येऊ नये, केवळ जाणवावा. लहान वस्तूवर रंग गडद भासतो म्हणून १/७२ साठी मूळ रंगात पंधरा टक्के पांढरा मिसळावा, असे सांगितले जाते. माझ्या मते करड्या विमानाला इतका पांढरा जास्त होतो, चिमूटभर पुरतो. नाकावरच्या रडारच्या आवरणाची छटा उरलेल्या अंगासारखी असेलच असे नाही, म्हणून तिथे फोटोलाच प्रमाण मानावे.

सुखोईचे खरे सौंदर्य शेपटीकडे आहे. एएल-३१एफपी इंजिनांभोवतीचा पत्रा रंगवलेला नसतो. उष्णतेने त्यावर पिवळसर, तपकिरी आणि निळसर झाक आलेली असते. या भागावर आधी चकचकीत काळा रंग द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर पोलादी धातुरंग अगदी विरळ फवारावा, आणि प्रत्येक पत्रा मास्किंग टेपने वेगळा करून शेजारच्यापेक्षा जरा वेगळी छटा द्यावी. त्यावर पारदर्शक निळा आणि तपकिरी इतके पातळ फवारावेत की पहिल्या हातात काहीच झाले नाही असे वाटावे. नळकांड्यांची वळण्याची अक्षरेषा बाहेरच्या बाजूला ३२ अंशांनी कललेली असते, त्यामुळे दोन्ही नळकांडी सरळ वर-खाली झुकवून चिकटवली तर जाणकाराला ते लगेच खटकते.

डिकल लावण्यापूर्वी चकचकीत क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन पारदर्शक थर, अनिवार्य आहे. खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते. डिकल मऊ करणारे द्रावण लावले की ते रेषांमध्ये नीट बसते. सुरकुत्या पडल्या तरी बोट लावू नये, वाळताना त्या आपोआप सपाट होतात. यानंतरचा वॉश, म्हणजे रेषांत भरण्यासाठीचा अगदी पातळ रंग, काळा नको. मूळ करड्यापेक्षा थोडाच गडद करडा-तपकिरी वॉश घ्यावा, तोही इंजिनांचे भाग, चाकांच्या कप्प्यांची दारे आणि हलणाऱ्या पृष्ठभागांच्या सांध्यांत अधिक आणि इतरत्र जवळजवळ नाही, कारण खऱ्या विमानावरही तेल आणि धूळ तिथेच साठते. शेवटी अर्धमॅट क्लिअर कोट द्यावा. पूर्ण मॅट कोटने विमान खडूसारखे कोरडे दिसते.

क्षेपणास्त्रे वेगळी रंगवून सर्वांत शेवटी लावावीत. या विमानाला शस्त्रे टांगण्याच्या बारा जागा आहेत, पण सगळ्या भरण्याची गरज नाही. रोजच्या सरावाच्या फोटोंत बऱ्याच रिकाम्या दिसतात. ब्रह्मोस दाखवायचे असेल, तर सुमारे अडीच टनांचे ते क्षेपणास्त्र पोटाखाली मधोमध एकच लागते. सुखोईवरून ब्रह्मोस डागण्याच्या २२ नोव्हेंबर २०१७ च्या पहिल्या चाचणीचे फोटो उपलब्ध आहेत, त्यावरून त्याची जागा आणि टांगणीचा आकार नेमका ठरवता येईल.