सरळ रस्ता मध्येच का मोडतो?

प्रश्न : ओहायो राज्यापासून पश्चिमेकडे अमेरिकेतली शेतं वरून चौकटीच्या वहीसारखी दिसतात. पण नाकासमोर उत्तरेला जाणारा रस्ता मध्येच काटकोनात वळतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा उत्तरेला लागतो. वाटेत ना नदी, ना डोंगर. मग हा मोड कशाचा?

उत्तर : पृथ्वीच्या गोलाईचा. अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) 20 मे 1785 च्या कायद्याने ठरलं, की सरकारी जमिनीची आधी मोजणी, मग विक्री. टाउनशिप म्हणजे जमिनीचा सहा मैल लांब-रुंद चौकोन, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता, डोक्यावर स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज होतं; विकायला होती ती जमीन. आणि तीही रिकामी नव्हती. शॉनी, डेलावेअर या मूळ रहिवासी जमातींचा ओहायोतल्या जमिनीवरचा दावा सुटलेला नव्हता, त्यामुळे मोजणीप्रमुख टॉमस हचिन्स यांची पहिल्या हंगामातली मोजणी हल्ल्याच्या धास्तीने काही मैलांतच थांबली.

आता मोडाकडे वळू. हद्दी अचूक उत्तर-दक्षिण हव्यात असं कायदा म्हणतो, पण अशा दोन रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. 41 अक्षांशावर सहा मैल अंतराच्या दोन रेषा सहा मैल वर गेल्या, की मधलं अंतर सुमारे 42 फुटांनी घटतं. चोवीस मैलांत सुमारे 165 फुटांनी. म्हणून ठरावीक अंतरावर, नंतरच्या काळात दर चोवीस मैलांवर, पूर्व-पश्चिम दुरुस्ती-रेषा आखून तिच्यावर पुन्हा पूर्ण सहा मैल मोजत. साहजिकच खालच्या हद्दी वरच्या हद्दींना जुळत नाहीत. रस्ते हद्दीवरून गेलेले, त्यामुळे तेही तिथे सरकतात. ही तूट शेजारच्या टाउनशिपमध्ये साठत जाते, म्हणून एका रस्त्याचा मोड लहान, तर पुढच्याचा मोठा. टाउनशिपच्या आतली घट-वाढ 1800 च्या कायद्याने उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांच्या गळ्यात घातली. तिथले सेक्शन क्वचितच नेमके 640 एकर भरतात.

सगळं खापर मात्र पृथ्वीवर फोडू नका. मोजणी 66 फुटी, 100 कड्यांच्या लोखंडी साखळीने होई. जोड झिजले की साखळी लांबते आणि न कळत जमीन जास्त मोजून दिली जाते. उतारावर साखळी आडवी न धरता जमिनीलगत टाकली, तर उलट होतं, सेक्शन आखूड भरतो. लोहखनिजाच्या पट्ट्यात होकायंत्राचा काटा भरकटे, तो वेगळाच त्रास. कोपऱ्यावर खुंट ठोकून जवळच्या झाडांची साल काढून खूण करत, त्यांची दिशा आणि अंतर वहीत लिहीत. झाड नसलेल्या गवताळ माळावर मातीचा ढिगारा करून खाली कोळसा पुरत, कारण लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही.

प्रश्न : जुन्या दस्तांत ‘सेक्शन 14 च्या ईशान्य चतकोराचा नैऋत्य चतकोर’ अशा अर्थाची नोंद दिसते. ही जमीन किती?

उत्तर : 40 एकर. (इंग्रजी दस्तात हे शेवटाकडून वाचावं लागतं, मराठीत सरळ लागतं.) सेक्शनची बाजू 80 साखळ्या, चतकोराची 40, त्याच्या चतकोराची 20. वीस गुणिले वीस म्हणजे 400 चौरस साखळ्या, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. 1785 मध्ये सर्वांत लहान तुकडाच 640 एकरांचा होता, एकरी एक डॉलर, शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा. 1820 मध्ये उधारीवर जमीन विकणं बंद झालं, पण 80 एकर सव्वा डॉलर भावाने शंभर डॉलर रोख मोजून मिळू लागले. 1832 पासून तुमचा हा 40 एकरांचा तुकडाही पन्नास डॉलरना सुटा विकत घेता येऊ लागला.