जानेवारीचं बाळ कोणत्या वर्षाचं?

इंग्लंडमधले पूर्वज शोधत असाल तर हे लक्षात ठेवा: १८३७ च्या जुलैआधी तिथे सरकारी जन्मनोंदणी नव्हती, त्यामुळे सारी भिस्त चर्चच्या वह्यांवर. त्यात बहुधा जन्म नव्हे, बाप्तिस्म्याची तारीख मिळते.

पहिली ठेच वर्षालाच लागते. १७५२ पूर्वी तिथे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. वहीतला '१० फेब्रुवारी १७३०' आपल्या हिशेबाने १७३१. टिपताना १७३०/३१ लिहा. नाहीतर एप्रिल १७३० मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचं मूल लग्नाच्या दोन महिने आधीचं दिसेल आणि तुम्ही उगाच दुसरे आईबाप शोधत बसाल.

२५ मार्च १७५४ नंतरचं लग्न असेल तर चैन आहे: वधूवरांच्या सह्या किंवा फुल्या, शिवाय दोन साक्षीदार. साक्षीदार अनेकदा भाऊबंदच निघतात. त्यांची नावं सोडू नका.

एकाच गावात तीन जॉन टेलर सापडतात, आणि बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं आडनाव क्वचितच असतं. म्हणून नाव जुळलं की लगेच वंशवृक्षात चिकटवू नका. आधी दफनाच्या नोंदी चाळा. तुमचा 'पूर्वज' दोन वर्षांचा असतानाच गेलेला असू शकतो. वहीचं पान भिजलेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल काउंटीच्या अभिलेखागारात मागा. नकलेत कधी मूळ वहीपेक्षा वेगळा तपशीलही असतो.