वासरानं काय खाल्लं, ते लिहून ठेव

सोलापूर, किंक्रांत

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तिळगुळाच्या पुडीबरोबरच मिळालं. पाकीट टेबलावर ठेवून तू जिना उतरून पसारसुद्धा झालास, म्हणून उत्तरही कागदावरच देते. समोर बसलं की तू लाजतोस आणि मी फार बोलते, त्यापेक्षा हे बरं.

तू लिहिलंयस, "मॅडम, चालू घडामोडींच्या तीन वह्या भरल्या, पण चार दिवसांनी काहीच आठवत नाही. वाचन वाढवू का?" वाढवू नकोस. सकाळी सातला अभ्यासिकेत येऊन रात्री दहाला दिवा बंद करणारा पोरगा आणखी किती वाचणार? तुझी एक वही परवा टेबलावर उघडी होती, ती पाहिली. (चाळली, खरं सांगायचं तर.) अक्षर सुरेख, समास आखलेले, तांबडी-निळी शाई. पण त्या वहीत तू कुठंच नाहीस. तुझं गाव सीनाकाठी, मोहोळ तालुक्यात. २०२५ च्या सप्टेंबरात तुझ्या चुलत्यांच्या रानात उसाचे शेंडेही दिसत नव्हते, हे तूच इथं पाण्याच्या माठापाशी उभा राहून सांगितलंस. आणि वहीत काय आहे? "सीना : भीमेची उपनदी." बास.

काल रात्री मी सिद्धेश्वराच्या जत्रेत होम मैदानावर गेले होते. गर्दीत आता पाय दुखतात, पण भाकणूक मी चुकवत नाही. तू ती पाहिली नसशील, तुम्ही पोरं गड्ड्यात (जत्रेत) पाळण्यांपाशी असता. होम झाल्यावर दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. पुढं धान्यं, गूळ, खोबरं, बोरं, गाजरं असं मांडलेलं असतं. ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, मुततं का, यावरून वर्षाचा अंदाज सांगतात: पाऊस कसा होईल, कशाचा भाव चढेल. सकाळी पेपरांत बातमी.

माझ्याकडं या भाकणुकीची एक वेगळी वही आहे. डाव्या पानावर वासरानं काय केलं आणि त्याचा काय अर्थ सांगितला गेला ते. उजवं पान कोरं ठेवायचं आणि वर्ष सरताना त्यावर खरं काय झालं ते लिहायचं. किती बरोबर आलं, किती चुकलं, ते तुला सांगणार नाही. वही दाखवीन, तूच मोज. पण ती ठेवायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. लोकांना जमलेलं तेवढं आठवतं, फसलेलं विसरतात, आणि यात मीही आले. वही नसती तर मीही दर संक्रांतीला म्हणाले असते, वासरू खोटं बोलत नाही. टीव्हीवर रोज रात्री भाकणूक करणारी जी मंडळी बसतात, त्यांचीही अशी एक वही कुणीतरी ठेवायला पाहिजे. तो उद्योग तू कर, वेळ मिळाला तर.

म्हणून आधी नोंद कर, मत मागाहून होऊ दे. आणि नोंद अशी हवी की तिच्या मागं जाऊन काहीतरी बघता येईल, मोजता येईल, कुणाला तरी विचारता येईल.

पाण्याचंच घे. २०२४ च्या उन्हाळ्यात पेपरांत रोज मथळे होते, उजनी धरण उणे चाळीस, उणे पन्नास, उणे साठ टक्क्यांच्या घरात. आमच्या वाड्यात खाली एक आजी राहतात, विड्या वळतात. त्यांनी मला विचारलं, "अक्का, शून्याच्या खाली पाणी कसं असतंय वो?" मला धड सांगता येईना, एवढी वर्षं पुस्तकांत काढून! मग शोधलं. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यातलं साडेत्रेसष्ट टीएमसी मृतसाठा. वरचं साडेत्रेपन्न टीएमसी तो उपयुक्त साठा, आणि टक्केवारी धरतात ती फक्त या वरच्या पाण्याची. म्हणजे शून्य टक्क्याला धरण कोरडं पडत नाही. उणे साठ म्हणजे मृतसाठ्यातलंही ३२ टीएमसी गेलं, आणि तरी तळाला तीसेक टीएमसी उरलं, गाळासकट.

आजींना मी घरातला तोटीचा माठ दाखवला. तोटी समजा मधोमध बसवलीय. पाणी तोटीपर्यंत उतरलं की आपण म्हणायचं शून्य. खाली पाणी आहे, पण तोटी सोडली तरी काही येणार नाही, तांब्या बुडवावा लागणार. आजींनी मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला. त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, धरण भरलं. "भरलंय म्हणतेत, मग नळ चार-चार दिवस का येत नाही?" चालू घडामोडींचा याहून चांगला प्रश्न मी कुठल्या प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. उत्तर धरणात नाहीच, वाटेत आहे. उजनी शहरापासून शंभरावर किलोमीटर लांब. मधली जलवाहिनी, पंप, टाक्या, गळती, कुठल्या टाकीवर किती गल्ल्या. तुझ्या वहीत "उजनी : यशवंतसागर, भीमा" एवढंच आहे. त्याखाली तुझ्या खोलीवर नळ कुठल्या वारी येतो, किती वाजता आणि किती वेळ, हे महिनाभर लिही. परीक्षेला येणार नाही. पण टीएमसी हा शब्द पुन्हा कधी विसरणार नाहीस.

आता माझी एक चूक सांगते. वाचनालयात नोकरीला लागून वर्ष झालं असेल. रोज दुपारी पेपरातली बाजारभावाची चौकट कापलेली मिळायची. चौथ्या दिवशी मी पाळत ठेवली. साठीचा माणूस, धोतर, टायरच्या चपला. खिशातून ब्लेड काढून अगदी शांतपणे, रेघेवरून कापत होता. मी सगळ्यांदेखत ओरडले. पेपरची किंमत भरून घेतली. तो एक शब्द बोलला नाही. पैसे मोजून ठेवले, कात्रणही टेबलावर ठेवलं आणि गेला. मागाहून मार्केट यार्डातल्या एका हमालाकडून कळलं, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. कात्रण गावी नेऊन नातवाकडून वाचून घ्यायचा आणि कांदा कधी भरायचा ते ठरवायचा. पुन्हा आला नाही. त्यानंतर मी दारातल्या फळ्यावर रोजचे भाव लिहायला लागले. तुम्ही पोरं त्या फळ्यावर सुविचार लिहिता तेव्हा मी चिडते, ते यामुळं. आणि फळ्याचा त्या माणसाला काडीचा उपयोग नव्हता, हे मला कैक वर्षांनी सुचलं.

पण ते भाव रोज उतरवताना मी ते वाचायला शिकले. आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. मथळ्यात नेहमी कमाल दर येतो, आणि तो दर थोड्या निवडक पिशव्यांना मिळालेला असतो. बाकीचा ढीग कितीला गेला ते सर्वसाधारणच्या रकान्यात बघायचं. या दिवसांत यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हा एक दिवस पहाटे जाऊन लिलाव बघ. आणि ओळखीच्या कुणाकडून तरी एक पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, मागून घे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापुरात ५१२ किलो कांदा विकला. दर किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक. देशभर बातमी झाली, लोक हळहळले, संतापले. पण पट्टीतल्या ओळी एकेक करून किती जणांनी वाचल्या? निर्यातबंदी, निर्यातशुल्क हे शब्द तू पाठ केलेस. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली, मे २०२४ मध्ये उठली आणि तिच्या जागी चाळीस टक्के शुल्क बसलं. हे सगळं शेवटी त्या पट्टीच्या चिटोऱ्यावर येऊन टेकतं.

पुराबद्दल तुझ्याकडं जे आहे ते माझ्याकडं नाही. मी फक्त पेपरात वाचलं. सीना-कोळेगावसह वरच्या प्रकल्पांतून पाणी सुटलं, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद झाला, दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात होड्या आल्या. तू मात्र सुट्टीत घरी जातोस. चुलत्यांच्या घराच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून असेल, रंग दिला नसेल तर. टेप लावून मोज. पाणी किती वाजता आलं, किती तास थांबलं, जनावरं कुणी सोडली, रानातली माती किती खरवडून गेली, पंचनाम्याला कोण आलं आणि काय लिहून नेलं. आणखी दहा वर्षांनी लोक म्हणतील, "छातीएवढं होतं", "नाही, डोक्यावरून गेलं". तेव्हा आकडा तुझ्याकडं असेल.

तीच सीना पुढं दक्षिण सोलापुरात भीमेला मिळते, तिथं हत्तरसंग-कुडलचं संगमेश्वराचं देऊळ आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तिथला शिलालेख उजेडात आणला. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. त्यातली मराठी ओळ अशी आहे: "वाछि तो विजेया होईवा." जो वाचील तो विजयी होईल. स्पर्धा परीक्षावाल्यांनी ही ओळ अजून क्लासच्या फ्लेक्सवर छापली नाही याचं मला नवल वाटतं. (नको सांगूस कुणाला.) तुझ्या गावावरून गेलेलं पाणी त्या देवळापाशी जातं. एकदा जाऊन ये, एसटीनं. अक्षरं बोटानं वाचायला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढं सावकाश वाचायची आपल्याला सवय राहिलेली नाही.

पाखरांचं थोडक्यात. गावाहून येताना बसमध्ये मोबाइल खिशात ठेव. शाळू हुरड्यात आलाय, म्हणजे भोरड्या असणारच. अंग फिकट गुलाबी, डोकं आणि पंख काळे, मैनेएवढं पाखरू. मध्य आशियातून इथं हिवाळा काढायला येतात. थवा वळतो तेव्हा कुणीतरी अंगणात चादर झटकल्यासारखं दिसतं. राखण करणारा गोफण फिरवतो, शिव्या घालतो, आणि तोच माणूस थवा वर उठला की हात थांबवून बघत उभा राहतो. हे मी विजापूर रोडच्या पलीकडं एका रानात पाहिलंय. कणसावर डल्ला मारणारी हीच पाखरं उन्हाळ्यात तिकडं टोळ आणि नाकतोडे खातात. शत्रू की मित्र, असा प्रश्न आला तर काय लिहिशील? तुझ्या वहीत "नान्नज : माळढोक" आहे. नान्नज शहरापासून तासाभराच्या आत आहे. जा, पण माळढोक दिसेल या आशेनं नको. तो आता दिसलाच तर नशीब. काळवीट दिसतील, भोवत्या हा शिकारी पक्षी गवताला लागून उडताना दिसेल. काय दिसलं नाही तेही लिहायचं असतं.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. गड्ड्याच्या पहिल्या दिवसाला आपण यण्णीमज्जन म्हणतो, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो तो दिवस. तुला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या अक्कलकोटच्या पोराच्या घरात कानडी बोलतात. यण्णी म्हणजे तेल. त्यानं एका सेकंदात सांगितलं असतं. खाली आजी तेलुगू बोलतात, कोपऱ्यावरचा चहावाला दखनी. चार भाषांच्या गावात राहून आपण शब्दकोश उघडायला जिना चढतो.

आणि एक पुस्तक असं घे, ज्याचा परीक्षेशी काही संबंध नाही. कुठलं ते मी सांगणार नाही. कपाटापाशी उभा राहा, हाताला लागेल ते घे. रोज दहा पानं, पेन्सिल न घेता. कंटाळा आला तर परत कर, मी विचारणार नाही.

रविवारी वाचनालय अकराला उघडतं. गावाहून आलास तर गाळाच्या रेघेचा आकडा आण. हुरडा आणलास तर माझ्याकडं शेंगाचटणी आहे, कडक भाकरीही आहे.

कालच्या भाकणुकीची बातमी आलेला पेपर तुझ्या जागेवर ठेवलाय. कात्री माझ्या खणात आहे, हवी ती चौकट काप.

तुझी,
वाचनालयातली मॅडम