शेपटीला जड झालेले विमान आणि इतर काही शंका

घरी बनवलेल्या रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातले दुखणे सर्वांत जास्त आढळते, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न (सांगलीहून): मी सनबोर्डचे (हलक्या फोमच्या तक्त्याचे) १०० सें.मी. पंखाचे विमान बनवले आहे. पंखाची पुढून मागची रुंदी सर्वत्र २० सें.मी. असून बॅटरीसह वजन ८५० ग्रॅम भरते. हातातून सोडताच विमान नाक वर करते, हवेत थबकते आणि एका पंखावर कोसळते. एलेव्हेटरचे (नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरच्या आडव्या हलत्या पट्टीचे) ट्रिम (रिमोटवरून दिलेली कायमची बारीक दुरुस्ती) पूर्ण खाली दिले तरी फरक पडत नाही. आतापर्यंत चार प्रॉपेलर तुटले. मित्रांच्या मते मोटर कमी ताकदीची आहे. मी मोठी मोटर घ्यावी काय?

उत्तर: नवी मोटर घेऊ नका. तुम्ही वजन आणि मापे दिलीत, परंतु विमान कोणत्या बिंदूवर तोलले जाते हे पत्रात कोठेही नाही, आणि माझा संशय नेमका तिथेच आहे. बॅटरी व प्रॉपेलर जागच्या जागी बसवून पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेका बोटाचा टेकू द्या आणि विमान आडवे स्थिर राहील ती जागा पेन्सिलने खूण करून घ्या. तुमच्यासारख्या सरळ पंखाच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे ५ ते ६ सें.मी. मागे असावा. मोटर वजनदार आहे म्हणून नाकही जड असेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात लांब शेपटीकडचे प्रत्येक ग्रॅम नाकाकडच्या दोन-तीन ग्रॅमांना पुरून उरते. शेपूट जड असली की वाऱ्याच्या लहानशा धक्क्याने वर गेलेले नाक आपोआप खाली येत नाही, उलट आणखी वर जाते. वेग संपतो, पंखाची उचल तुटते आणि जो पंख आधी स्टॉल होतो त्या बाजूला विमान पडते. ट्रिमने हे सुधारत नाही, कारण मुळात स्थिरताच उरलेली नसते.

समजा, तुमचा गुरुत्वमध्य ८ सें.मी.वर निघाला आणि तो ५.५ सें.मी.वर आणायचा आहे. ८५० ग्रॅम गुणिले २.५ म्हणजे २१२५ ग्रॅम-सें.मी. एवढा तोल पुढे सरकवावा लागेल. नाकात, नव्या गुरुत्वमध्याच्या २५ सें.मी. पुढे, शिसे भरून हे साधायचे तर ८५ ग्रॅम शिसे लागेल, म्हणजे विमानाचे वजन दहा टक्क्यांनी वाढेल. त्याऐवजी १८० ग्रॅमची बॅटरी ६ सें.मी. पुढे सरकवा, १०८० तिथेच मिळाले. एलेव्हेटर आणि रडरचे (शेपटीवरच्या उभ्या हलत्या पट्टीचे) ९-९ ग्रॅमचे सर्व्हो, म्हणजे या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, तुम्ही शेपटीत बसवले असतील, तर ते पंखाखाली ४५ सें.मी. पुढे आणून शेपटीपर्यंत पातळ पुशरॉड (ढकलण्याच्या काड्या) न्या. पुशरॉडचे वजन सोडले तर आणखी ८१० मिळाले. उरलेल्या २३५ साठी नाकात जेमतेम १० ग्रॅम पुरतात. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगसाठी चिकटवतात त्या वजनाच्या पट्ट्या या कामी उत्तम. शेपटीवरचा ग्लू गनचा गोंद आणि रंगीत टेप यांकडेही एकदा पाहा, कारण तिथे आपला हात फार सैल सुटतो.

पुढची चाचणी मोटर बंद ठेवून घ्या. गुडघाभर गवत असलेल्या माळावर, वाऱ्याच्या समोर उभे राहून, नाक किंचित खाली ठेवून विमान सरळ ढकला. उंच फेकू नका. ते तीस-चाळीस फूट एकसारखे तरंगत गेले तर तोल जमला. मोटर बंद असताना सरळ जाणारे विमान थ्रॉटल देताच (मोटरचा वेग वाढवताच) नाक उचलत असेल, तर मात्र दोष मोटरच्या दिशेचा आहे. तिला दोन-तीन अंश खाली झुकवा. बाजारात मिळणारी जायरोची पट्टी (विमान आपोआप सावरणारे यंत्र) लावून ही लक्षणे काही काळ दाबता येतात, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आजार तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

प्रश्न (नाशिकहून): माझे बाल्साच्या हलक्या लाकडाचे विमान शांतपणे उडते, परंतु थ्रॉटल वाढवला की डावीकडे कलते. प्रत्येक वेळी उजवे ट्रिम द्यावे लागते आणि थ्रॉटल कमी करताच विमान उजवीकडे जाते.

उत्तर: तुमचे निरीक्षण इतके नेमके आहे की निदान त्यातच आले आहे. मागून पाहिल्यास प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून विमानाचे अंग डावीकडे कलते. शिवाय प्रॉपेलरची पिळदार हवा रडरवर आदळून नाकही डावीकडे ढकलते. थ्रॉटलबरोबर बदलणारा दोष ट्रिमने काढू नये. मोटरच्या बैठकीच्या स्क्रूंमधले अंतर ३० मि.मी. असेल, तर मागून पाहताना डावीकडच्या स्क्रूंखाली १ मि.मी. जाडीचे वॉशर घातल्यास मोटर साधारण २ अंश उजवीकडे वळते. तेवढे बहुधा पुरेल. मोटर बंद असतानाही विमान एका बाजूला जात असते, तर मी पंखातला पीळ तपासायला सांगितले असते: पंख सपाट टेबलावर ठेवून चारही कोपऱ्यांखालून कागद सरकवून पाहिला की तो लगेच कळतो.

प्रश्न (पणजीहून): मोटर पूर्ण वेगाने फिरते, आवाजही मोठा येतो, तरी विमान गवतावर इंचभरही पुढे सरकत नाही.

उत्तर: प्रॉपेलर उलटा बसला असावा. आकडे छापलेली बाजू विमानाच्या पुढच्या दिशेला हवी. ती बरोबर असेल तर मोटरच उलटी फिरते आहे. तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. संकोच वाटू देऊ नका. मी स्वतः एकदा दुरुस्तीनंतर एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) उलटे जोडून विमान सोडले होते आणि ते तीन सेकंदांत जमिनीवर आले. तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी विमानामागे उभा राहून, ज्या बाजूला स्टिक त्या बाजूचे एलेरॉन वर उठते ना, हे मी पाहून घेतो.

प्रश्न (ठाण्याहून): हवेत असताना सर्व्हो दोन-तीन सेकंद काहीच ऐकत नाहीत, मग पूर्ववत होतात. घरी टेबलावर सर्व ठीक असते. रिसीव्हर (विमानातला रेडिओ संदेश घेणारा भाग) खराब आहे का?

उत्तर: रिसीव्हर बदलण्यापूर्वी त्याला मिळणारा वीजपुरवठा तपासा. ईएससीमध्ये (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटमध्ये) रिसीव्हरसाठी ५ व्होल्टचा पुरवठा असतो. तो साध्या, म्हणजे लिनिअर प्रकारचा असेल, तर तीन सेलच्या बॅटरीचे उरलेले सहा-सात व्होल्ट उष्णतेत घालवतो. चार सर्व्होंनी मिळून दीड अँपिअर ओढले तर सुमारे १० वॉट उष्णता झाली, आणि बंदिस्त नाकात ती बाहेर जाणार कुठे? व्होल्टेज क्षणभर कोसळले की रिसीव्हर पुन्हा सुरू होतो. ते तुमचे दोन-तीन सेकंद. टेबलावर सर्व्होंवर हवेचा भार नसतो, म्हणून तिथे दोष दिसत नाही. प्रॉपेलर काढून ठेवा, एका मदतनिसाला एलेव्हेटर व रडर बोटांनी हलकेच अडवायला सांगा, सर्व स्टिक सतत हलवा आणि रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मल्टिमीटर लावून पाहा. व्होल्टेज साडेचारच्या खाली घसरत असेल, तर स्विचिंग प्रकारचा स्वतंत्र ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा बसवा आणि ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून टेपने झाका.

पुरवठा निर्दोष निघाला, तर मग अँटेना. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरच्या तारेचे शेवटचे ३१ मि.मी. सरळ आणि मोकळे असावेत. बॅटरी, मोटरच्या तारा आणि विशेषतः कार्बनच्या काड्या यांपासून ते दूर ठेवा. ट्रान्समीटरमधली (हातातल्या रिमोटमधली) रेंज-चाचणी मोटर चालू असतानाच घ्यावी. मदतनिसाने विमान मागून घट्ट धरावे आणि प्रॉपेलरच्या रेषेत कोणी उभे राहू नये. हे सर्व करताना फेल-सेफमध्ये (संपर्क तुटल्यावर लागू होणाऱ्या नोंदीत) थ्रॉटल शून्यावर नोंदवलेला आहे ना, हेही पाहा: प्रॉपेलर काढून मोटर हळू फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली नाही, तर ती नोंद होईपर्यंत विमान मैदानावर नेऊ नका.