अस्तर ९ मिलिमीटर, मग गर्भ गोठवले का?

प्रश्न : माझं आयव्हीएफ चालू आहे. गर्भाशयाचं अस्तर ९ मिलिमीटर आहे, तीन पदरीही दिसतंय, असं सोनोग्राफीत सांगितलं. पण ट्रिगरच्या (बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या) दिवशी प्रोजेस्टेरॉन १.९ आलं आणि डॉक्टरांनी ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) पुढे ढकलून सगळे गर्भ गोठवायचं ठरवलं. एवढं चांगलं अस्तर हातचं गेलं, असं वाटतंय. गर्भांनाही काही झालं असेल का?
– एक वाचक

उत्तर : आधी गर्भांचं सांगते. प्रोजेस्टेरॉन थोडं वाढल्याने गर्भाच्या प्रतीवर सहसा परिणाम होत नाही. अडचण अस्तराची आहे, आणि ती सोनोग्राफीत दिसत नाही. तपासताना प्रत्येकीचा पहिला प्रश्न ‘किती मिलिमीटर?’ हाच असतो. तुमची रुखरुख मला कळते. पण जाडी ही अर्धीच गोष्ट.

इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. प्रोजेस्टेरॉन ते गर्भ रुजण्याजोगं करतं, आणि ते सुरू झालं की अस्तराचं घड्याळही सुरू होतं. रुजण्याचा काळ मोजक्या दिवसांचाच असतो. इंजेक्शनांमुळे एकदम बरीच फॉलिकल (अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या) वाढतात. प्रत्येकातून थोडं थोडं प्रोजेस्टेरॉन झिरपतं आणि त्याची बेरीज मोठी होते. साधारण दीडच्या वर आकडा गेला की अस्तर वेळेआधीच बदलू लागतं. मग पाचव्या दिवसाचा गर्भ आत पोचेपर्यंत ते पुढे निघून गेलेलं असू शकतं. तुमच्या डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो.

पुढच्या वेळी बहुधा इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतील. अस्तर साधारण ७ मिलिमीटरच्या वर गेलं की प्रोजेस्टेरॉन सुरू होईल, आणि ते पाच दिवस झाल्यावर ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसाचा गर्भ, सोडतील. म्हणून पहिल्या डोसची वेळ लिहून ठेवा, आणि एकही डोस चुकवू नका. ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासणार का, हेही विचारा. योनीमार्गातून घेतलेलं औषध सगळ्यांच्या रक्तात सारखं उतरत नाही. कमी पडलं तर काही डॉक्टर इंजेक्शन जोडतात.

पाळी नियमित असेल तर नैसर्गिक चक्रात ट्रान्सफर होईल का, हा प्रश्न मी आग्रहाने विचारायला सांगेन. त्यात बीज सुटल्यावर अंडाशय स्वतःच प्रोजेस्टेरॉन तयार करतं, आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका गोळ्यांच्या चक्रापेक्षा कमी आढळतो. मात्र बीज नेमकं कधी सुटलं हे टिपायला सोनोग्राफीच्या फेऱ्या जास्त होतात.