स्पोर्ट्स कारवाल्यांची भेट आणि एकत्र ड्राइव्ह कशी जमवावी?

तुम्ही विचारलंय की आसपासच्या वीसेक स्पोर्ट्स कार मालकांना एकत्र आणून पुढे ड्राइव्हला न्यायचं आहे, तर सुरुवात कुठून करावी. मी असे कार्यक्रम जमवतो. माझं ठाम मत आहे की सुरुवात रस्त्यापासून करावी, तारीख आणि यादी नंतर.

रस्ता आधी स्वतः पाहून या, शक्यतो त्याच वारी आणि त्याच वेळेला. सोबत तुमच्यातल्या सगळ्यात खाली बसणाऱ्या गाडीच्या मालकाला घ्या. पार्किंगच्या तोंडाशी स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची बाहेर आलेली पट्टी) घासेल असा चढ, तिरकी घालायलाही जागा नसलेला स्पीड ब्रेकर, वळणावर पसरलेली खडी, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याची गाडी न घासता गेली की बाकीच्यांची जातेच. भेटीच्या जागेची परवानगीही तेव्हाच घेऊन टाका.

खरी कसोटी ताफ्याची. ताशी ८० किलोमीटर वेगाला दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर म्हणजे जवळपास ४५ मीटर. त्या हिशेबाने २० गाड्यांची रांग एक किलोमीटरच्या आसपास जाते. एवढी रांग सिग्नलला तुटणारच, आणि तुटली की मागचे पुढच्यांना गाठायला गाडी दामटतात. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. म्हणून पाच-पाच गाड्यांच्या तुकड्या करा आणि दहा मिनिटांच्या फरकाने सोडा. प्रत्येक तुकडीत पहिला आणि शेवटचा माणूस रस्ता पाठ असलेला हवा. वेग शेवटच्या गाडीला झेपेल तोच. वळायच्या आधी मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. नाही दिसली तर सुरक्षित जागा बघून बाजूला थांबायचं. पुढच्या थांब्याचं लोकेशन सगळ्यांकडे असलं की पाठलाग करायची वेळच येत नाही.

शर्यत लावणाऱ्याला किंवा चालवता चालवता व्हिडिओ काढणाऱ्याला पुन्हा बोलावू नका, त्याची गाडी कितीही दुर्मीळ असो. निघताना उभ्या गाड्या रेझ करू, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून इंजिन घुमवू देऊ नका. थंड इंजिनलाही ते वाईट आणि आसपास राहणाऱ्यांनाही त्रास.

पहिल्या खेपेला तासाभराची ड्राइव्ह पुरे, गप्पांना निवांत वेळ ठेवा. लोक गाड्यांइतकेच गप्पांसाठी येतात. आणि टाकी भरूनच या असं सगळ्यांना बजावून सांगा, कारण अशा गाड्यांना लागणारं हाय-ऑक्टेन पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळेलच असं नाही.