उत्तर: लेण्याच्या छतातली ओल एका सर्व्हेत कळेल का?

दादा, वाईकडच्या लेण्याची तुमची पोस्ट वाचली. छताला ओल, खांबावरच्या नक्षीचे पापुद्रे सुटतायत, आणि कार्यालय म्हणतंय मे महिन्यात एकदा रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडायची आणि तिला किती विरोध होतो ते मोजायचं; ओल्या जागी विरोध कमी) करून टाकू. हे शेवटचं वाचून कपाळाला हात लावला. पाटणकडे आमच्या लेण्याचं हेच झालं.

आमच्याकडे एका कार्यालयाने (नाव घेत नाही) धाडला तो बोअरचे पॉइंट काढणारा माणूस. डोंगर कोरडाठाक असताना एका जागी खुंट्या ठोकल्या, खोलवरचं पाणी शोधलं, गेला. अहवालात काय, तर बोअर कुठे मारायची! छतावरच्या चार-पाच मीटर कातळातून पाणी कसं उतरतं यावर चकार शब्द नाही. त्याच कागदावर वरच्या भेगांत सिमेंट भरलं गेलं. पुढच्या पावसात छत कोरडं, पण कोरीव भिंत पाझरायला लागली, वर सिमेंटचे क्षार. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'सर्व्हे झालाय ना?'

माझं मत, पटलं तर घ्या: एकदाच मोजायचं असेल तर मोजूच नका. लेण्याच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची, म्हणजे त्या खुंट्यांची, ओळ कायमची बसवा आणि त्याच जागी पावसाआधी, भर पावसात, पावसानंतर रीडिंग घ्या. दोन वेळांतला फरक पाणी दाखवतो. फ्रान्समध्ये लास्को गुहेवर अशीच मोजणी केली आहे. चित्रं बिघडू लागल्याने ती गुहा 1963 सालीच पर्यटकांना बंद झाली. मात्र तिथे चुनखडी, आपल्याकडे बेसॉल्ट. घट्ट थरातल्या सांध्यांतून पाणी उतरतं, खाली लाल गेरूचा थर लागला की आडवं पळतं. त्यांचे आकडे इथे लावू नका. शिवाय जमीन 1 अंशाने तापली की रेझिस्टिव्हिटी साधारण 2 टक्के उतरते. ती दुरुस्ती केल्याशिवाय मे आणि ऑगस्टची तुलना फसवी.

मी भूभौतिकीचा माणूस नाही, अनुभवाचं बोलतोय. खुंट्या वरच्या मातीत-मुरमातच, लेण्याच्या कातळाला हात लावू देऊ नका. स्मारक संरक्षित असेल तर आधी लेखी परवानगी. आणि सगळी ओल वरून झिरपलेली नसते. पावसाळी दमट हवा गार कातळावर दवासारखी धरते, ती या यंत्रात दिसणार नाही. म्हणून आतलं तापमान, आर्द्रता आणि बाहेर पर्जन्यमापक हवाच.

करारात कच्ची रीडिंगं आपल्याला मिळतील असं लिहून घ्या. आम्हाला अजून फक्त रंगीत प्रिंटच मिळाली आहे, तीही झेरॉक्स.